आमच्या घरची जाड टाच

"बाई, ही अ‍ॅसिडिटी नाही. हा हार्ट अटॅक आहे आणि तो आत्ता चालू आहे."

भूमच्या डॉक्टरांनी हे इतकं शांतपणे सांगितलं की मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. मी मान वळवून बघितलं. खोलीत मी, माझे मालक आणि कार्डिओग्राम काढणारी सिस्टर, एवढीच माणसं होती. सिस्टरनं माझ्या हातावर चार गोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "गिळू नका, चावून खा." गोळ्या कडू होत्या. मी चावल्या.

मी मंगल. तेव्हा वय त्रेचाळीस. राहणार ईट, तालुका भूम. आमची खव्याची भट्टी आहे. सकाळी गावातलं दूध येतं, ते आम्ही कढईत आटवतो आणि दुपारच्या आत खवा बाहेरगावी रवाना होतो. वीस वर्षं मी त्या कढईपाशी उभी आहे. डोकं दुखलं तरी काम सुटलं नव्हतं. म्हणून मला हार्ट अटॅक येईल असं कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.

हे लिहायचं कारण असं की मला तीन आठवडे आधी खुणा मिळत होत्या आणि मला त्या वाचता आल्या नाहीत. तुम्हाला याव्यात.

छातीत कळ आली असती तर मीही घाबरले असते. पण माझ्या छातीत काही नव्हतंच. कढई ढवळताना दोन्ही जबडे दुखायचे, दातदुखीसारखे. पाठीत दोन खांद्यांच्या मधे कुणी मुठीनं दाबतंय असं वाटायचं. दहा मिनिटं बसलं की थांबायचं. परत उठलं की परत. मी ओवा खाल्ला, जिऱ्याचं पाणी प्याले, पित्ताच्या पुड्या घेतल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भट्टीची धग लागलीय, ताक पीत जा." ताकही प्याले.

काम करताना दुखतं आणि बसल्यावर थांबतं, ही खूण पोटाची नसते. हृदयाला रक्त कमी पडतंय, ते मेहनत करायला लागलं की ओरडतं आणि विश्रांती मिळाली की गप्प बसतं. याला अंजायना म्हणतात. बायकांमध्ये ते बऱ्याचदा जबड्यात, पाठीत, नुसत्या दमण्यात दिसतं. हे मला नंतर कळलं.

त्या सकाळी खाली बसल्यावरही जबडा दुखायचा थांबला नाही. भट्टी धडधडत होती आणि मला मात्र थंडी वाजायला लागली. घामानं पोलकं भिजलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं, कढईखालचा जाळ तसाच सोडला आणि मला दुधाच्या गाडीत बसवलं. वीस वर्षांत त्यांनी कढई अर्ध्यावर सोडलेली मी पहिल्यांदा बघितली. तेवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

भूमहून रुग्णवाहिकेनं बार्शीला नेलं. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मालकांची सही घेतली आणि मला लगेच आत घेतलं. अँजिओग्राफी म्हणजे मनगटातल्या नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिथं रंग सोडतात आणि हृदयाच्या नसा पडद्यावर दिसतात. माणूस पूर्ण शुद्धीत असतो. मी माझ्याच नसा बघत पडले होते. डाव्या बाजूची मोठी नस वरून येत होती आणि मध्येच संपत होती. तिच्यापुढं काहीच नव्हतं.

"इथं बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "आता उघडतो. थोडं दुखेल, मग एकदम बरं वाटेल."

तसंच झालं. नळीच्या टोकाचा फुगा त्यांनी फुगवला, तिथं स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे तारेच्या जाळीची बारीक नळी, ती नस उघडी धरून ठेवते. पडद्यावर काळा रंग पुढं धावला. नस तळापर्यंत दिसली. जबडा थांबला. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला.

पहिले दोन दिवस आयसीयूत गेले. तिथं दिवस कळत नाही. मशीन वाजतं, सिस्टर येते, रक्त नेते. बाहेर वेटिंग रूममध्ये मालक आणि आमची मुलगी पूजा बसून होते. पूजा तेव्हा अकरावी सायन्सला होती. तासाभरासाठी भेटायला सोडलं की ती आधी माझ्याकडं बघायची नाही, मशीनवरचे आकडे बघायची. मग माझा हात धरायची.

तोवर पाहुणे मंडळींनी निदान करून टाकलं होतं. "खव्यात हात घालून घालून नसा तुपानं भरल्या," असं एका मावस सासूबाईंनी वेटिंग रूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांचं तोंड उतरलं. ते मला येऊन म्हणाले, "भट्टी बंद करू. नको आपल्याला."

मी मनात म्हणाले, जो रोज खवा करतो त्याला खवा खावा वाटतो का? मला त्याचा वासच पुरे व्हायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी छाती तपासली, मनगट बघितलं आणि पायाला सूज आहे का ते बघायला पांघरूण वर केलं. तिथंच थांबले. माझी टाचेमागची शीर त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग दुसऱ्या पायाची.

"हे असं जाड कधीपासून आहे?"

"लग्नाच्या आधीपासून. आमच्या घरच्या टाचा तशाच आहेत."

"घरच्या म्हणजे कुणाकुणाच्या?"

"वडलांच्या होत्या. थोरल्या चुलत्यांच्या होत्या. भावाची आहे. वडलांना, आमच्या अण्णांना, मागं पट्टा असलेलं पायताण चालायचं नाही."

"वडील काय करतात?"

"गेले. मी अकरा वर्षांची होते. एक्केचाळीस वय त्यांचं."

"कशानं गेले?"

"रानात बसल्या बसल्या गेले. पोटात वारं धरलं म्हणले."

"आणि चुलते?"

"ते पंचेचाळिसाव्या वर्षी. एसटीत."

डॉक्टरांनी खाटेखालचं स्टूल ओढलं आणि बसले. तीन दिवसांत ते पहिल्यांदा बसले होते. त्यांनी माझ्या हाताच्या बोटांचे सांधे बघितले, डोळ्याची खालची पापणी ओढून बुबुळाच्या कडेची पांढरी गोल रेघ बघितली. मग फाईल उघडून माझा रक्ताचा रिपोर्ट काढला. एलडीएल कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याऐंशी. ते शंभराच्या आत हवं.

"हे खव्यानं झालेलं नाही," ते म्हणाले. "हे तुम्ही जन्माला येताना घेऊन आलात."

आजाराचं नाव लांबलचक आहे. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच. म्हणजे घराण्यातून आलेलं, जन्मापासून वाढलेलं कोलेस्टेरॉल. टाचेमागची ती जाड शीर म्हणजे तिथं साठलेलं कोलेस्टेरॉल, त्या गाठीला झँथोमा म्हणतात. आईबापांपैकी एकाला असलं तर प्रत्येक लेकराला ते येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं.

मी पूजाकडं बघितलं. ती माझ्या पायथ्याशी उभी होती आणि एका पायानं दुसऱ्या पायाची टाच चाचपत होती.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा पूजानं वहीत प्रश्न लिहून आणले होते. तिचंही रक्त तपासायला दिलं होतं, रिपोर्ट यायचा होता. डॉक्टरांची ओपीडी भरलेली होती, पण तिची वही बघून त्यांनी कार्डिओग्रामच्या कागदाची पाठकोरी बाजू पुढं ओढली आणि चित्र काढायला लागले. ते जे बोलले ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते कळल्यापासून माझी भीती निम्मी झाली.

कोलेस्टेरॉल वैरी नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागतं. रक्तातून ते बारीक बारीक गोळ्यांमध्ये भरून फिरतं, त्या गोळ्यांना एलडीएल म्हणतात. लिव्हरच्या पेशींवर त्यांच्यासाठी दारं असतात. दारातून गोळा आत जातो. पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या इवल्या पिशव्या असतात, त्यांत पाचक रस भरलेला असतो. लायसोसोम म्हणजे पेशीचं पोट म्हणा. तिथं गोळा फुटतो, कोलेस्टेरॉल सुटं होतं आणि लिव्हर त्याचं पित्त करून बाहेर काढतं.

"तुझ्या आईच्या लिव्हरवर ही दारं निम्मीच चालतात," डॉक्टर पूजाला म्हणाले. "जन्मापासून."

"मग आत न गेलेलं कुठं जातं?" पूजानं विचारलं.

"रक्तातच फिरतं. फिरता फिरता नसेच्या आतल्या अस्तराखाली शिरतं आणि तिथं अडकून खराब होतं. मग शरीर साफसफाईला पांढऱ्या पेशी पाठवतं. मॅक्रोफेज. म्हणजे गिळणारी मोठी पेशी. ती तिथं बसून खराब एलडीएल गिळत सुटते."

"आणि तिच्या लायसोसोममध्ये ते मोडतं."

"अर्धवट मोडतं. गोळा फुटतो, त्यातली चरबी वेगळी होते. पण कोलेस्टेरॉलचा जो गाभा आहे, तो आपल्या पेशींना मोडता येत नाही."

"का पण? साखर मोडते. चरबी मोडते."

डॉक्टर हसले. "परीक्षेत लिहिशील? चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात त्याच्यात. त्या कड्या फोडायचं हत्यार आपल्या शरीराकडं नाही. म्हणून त्या पेशीपुढं दोनच वाटा उरतात. एक, थेंब करून पोटात साठवायचं. दोन, एचडीएलच्या हाती द्यायचं. एचडीएल ते उचलून लिव्हरकडं परत नेतं."

"आणि येणारं जास्त असलं तर?"

"तर साठत जातं. पेशी थेंबांनी इतकी भरते की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारखी दिसते. तिला फोम सेल म्हणतात, फेसाळ पेशी. तिचे लायसोसोम तुंबतात. शेवटी ती तिथंच मरते आणि पोटातलं सगळं बाहेर सांडतं. ते उचलायला दुसरी येते. तीही तशीच मरते."

वर्षानुवर्षं असं चालत राहिलं की नसेच्या भिंतीत थर होतो आणि नस कडक होते. यालाच अथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. त्या थरावर एक पातळ आवरण असतं. एखाद्या दिवशी ते फाटतं, रक्ताला वाटतं जखम झाली आणि तिथं गुठळी धरते. भट्टीपाशी त्या सकाळी माझ्या नसेत हेच झालं होतं.

मी एकच प्रश्न विचारला. "साठलेलं निघतं का?"

"सगळं नाही. पण वरून येणं थांबवलं की त्या पेशींना उसंत मिळते. मग त्या साठवलेले थेंब थोडे थोडे सुटे करून परत पाठवायला लागतात. थर आकसतो. त्यापेक्षा मोठं म्हणजे आवरण घट्ट होतं, फाटत नाही. काम त्या पेशीच करतात. आपण फक्त त्यांच्यावरचं ओझं कमी करायचं."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगते. इतके दिवस मला वाटत होतं की माझं शरीर माझ्यावर उलटलं. तसं नव्हतं. आत कुणीतरी त्रेचाळीस वर्षं घाण उपसत होतं. एकामागं एक मरत होतं, पण काम सोडत नव्हतं. मला त्या पेशींची दया आली आणि थोडा अभिमानही वाटला. आता त्यांना मदत करायची पाळी माझी.

गोळी स्टॅटिनची. ती लिव्हरचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करते, मग लिव्हरला बाहेरचं लागतं आणि ते जादा दारं उघडतं. दुसरी गोळी एझेटिमाइब, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. शिवाय गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. खाणं सांभाळायचंच, पण नुसत्या पथ्यानं एफएच आटोक्यात येत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आणि भट्टीबद्दल म्हणाले, "खव्याला घाबरू नका, धुराला घाबरा. धूर नसांना वाईट." मालकांनी महिन्याभरात भट्टीचं धुराडं उंच केलं आणि ढवळायला मोटारीची कढई आणली.

त्याच दिवशी दुपारी पूजाचा रिपोर्ट आला. एलडीएल दोनशे बारा.

नाणं उलटं पडलं होतं. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले आणि पहिल्यांदा रडले. अटॅकमध्ये रडले नव्हते. पूजा शेजारी बसली. म्हणाली, "आई, तुला त्रेचाळीसला कळलं. मला सतराला कळतंय. माझ्या पेशी अजून भरल्या न्हाईत. रडण्यासारखं काय आहे यात?" डोळे पुसताना मला वाटलं, ही आपल्यापेक्षा मोठी झाली.

आता राहिला बालाजी.

बालाजी माझा धाकटा भाऊ. माहेर बेंबळी. तो वायरमन आहे, विजेच्या खांबावर चढतो. वय चाळीस. पोट सपाट, दंड दगडासारखे. बुटाच्या मागच्या कडा टाचेला लागतात म्हणून त्या त्यानं कापून टाकलेल्या. मी फोनवर चार वेळा सांगितलं, रक्त तपास. दर वेळी म्हणायचा, "बघू." पाचव्यांदा फोनच घेतला नाही. असा महिना गेला, दीड गेला. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्यावर मी एका रविवारी दुपारी थेट बेंबळीला गेले.

बालाजी ओसरीवर बसला होता. आई ज्वारी निवडत होती. मी पाणीही प्याले नाही.

"बाला, उद्या बार्शीला चल."

"अक्का, मला काय झालंय? दिवसातून सात खांब चढतो म्या. दम लागत न्हाय."

"मलाही लागत नव्हता."

"तुझं येगळं. तू भट्टीपशी."

"भट्टीचं न्हाय ते. तुझी टाच बघ, माझी बघ. अण्णांची आठव."

"मेलेल्या माणसाचं कशाला काढतीस?" तो एकदम चढ्या आवाजात बोलला. "रिपोर्ट काढला की आजार निघतो. एकदा निघाला की माणूस मनानंच खचतो. चार खांब चढायचा त्यो दोन चढत न्हाय. मला न्हाय काढायचा."

मी तेव्हा त्याला पेशींचं सगळं सांगायला लागले. लायसोसोम, दारं, फेस. तो खाली बघत बसला. माझ्या लक्षात आलं, त्याला कळत नाही असं नाही. त्याला ऐकायचंच नाही.

आईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"ती टाच त्यांच्या मरणाची व्हती व्हय?" तिनं मला विचारलं.

"तीच खूण होती, आई."

"चौदा वर्सं संसार केला म्या. ते रानातनं आले की म्या पाय धुवायला पानी द्यायचे. ते म्हनायचे, हितं जरा दाब, ठनकतंय. म्या दाबायचे. रोज. माझ्या हाताखाली व्हती ती खूण, आन् मला कुणी सांगितलं न्हाय." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तवा कुणाला ठावंच नव्हतं, तर कोन सांगनार? आता ही पोरगी सांगाया आलीय. मरता मरता वाचून आलीय, अन् तू तिला पानी इचारलं न्हाईस."

आई उठली, आत गेली आणि माझ्यासाठी तांब्या घेऊन आली. तांब्या तिनं माझ्या हातात न देता बालाजीच्या हातात दिला. त्यानं तो मला दिला. एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मोटारसायकलवर मागं बसून मी त्याच्याबरोबर बार्शीला निघाले होते.

येडशीला आम्ही थांबलो. मी चहा घेतला. त्याला रक्त द्यायला उपाशी पोटी जायचं होतं, तो नुसता उभा होता. स्टेशनाच्या बाजूला बघत म्हणाला, "अक्का, दोन सालं झाली, खांबावर गेलो की एक इचार येतो. अण्णांचं वय येतंय आता. कुणाला सांगितलं न्हाय. घरातबी न्हाय."

"मला पण यायचा तो विचार. एक्केचाळीस सरेपर्यंत."

"मग?"

"मग सरलं. आणि त्रेचाळिसाव्याला आला अटॅक. विचार केल्यानं तो टळत नाही, बाला. गोळीनं टळतो."

तो हसला. खूप दिवसांनी.

त्याचं एलडीएल दोनशे एकोणऐंशी निघालं. ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासलं, ते ठीक होतं. मानेच्या नसांची सोनोग्राफी केली, तिथं थर धरायला लागला होता, पण रक्त अडत नव्हतं. डॉक्टर त्याला म्हणाले, "तुम्ही वेळेत आलात." माझ्या आयुष्यात मी खूप गोड शब्द ऐकलेत. यापेक्षा गोड नाही.

यापुढं सगळं सरळ झालं असं नाही. माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. तिसऱ्या महिन्यात माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं स्नायू झिजतात, लिव्हर सडतं. मी कुणाला न विचारता ती एक गोळी बंद केली. एलडीएल शंभराच्या जवळ आलं होतं, ते महिन्याभरात परत दोनशेवर गेलं. डॉक्टर रागावले नाहीत. रक्ताची एक तपासणी करून त्यांनी स्नायूंना काही इजा नाही हे बघितलं आणि दुसऱ्या प्रकारचं स्टॅटिन दिलं. पोटऱ्या थांबल्या. "त्रास झाला तर मला सांगा," एवढंच म्हणाले. "गोळी बदलता येते. बंद करता येत नाही." नंतर त्यांनी बेंपेडोइक अ‍ॅसिड नावाची आणखी एक गोळी वाढवली. आज माझं एलडीएल ऐंशीच्या घरात आहे. त्यांना ते अजून खाली हवंय. मला खात्री आहे, ते खाली येईल.

तुमच्या घरात कुणी कमी वयात अचानक गेलं असेल, आणि लोक वारं, बाधा, नजर असं काही म्हणाले असतील, तर एकदा रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्या. टाचा बघा. लेकरांच्याही बघा. काम करताना जबडा दुखत असेल तर आधी कार्डिओग्राम काढा, ओवा नंतर खा. मी डॉक्टर नाही. पण मला जे कळलं ते माझ्या वडलांना कळलं असतं तर ते आज सत्तरीच्या पुढं असते.

भूमच्या त्या डॉक्टरांना मी नंतर जाऊन भेटले. त्यांना मी आठवतही नव्हते, रोज किती येत असतील. पण कढई अर्ध्यावर सोडणारे माझे मालक, चावून खा म्हणणारी ती सिस्टर, स्टूल ओढून बसलेले बार्शीचे डॉक्टर, या सगळ्यांमुळं मी हे लिहितेय, हे मला रोज आठवतं.

गेल्या महिन्यात बालाजीनं बेचाळीस पुरी केली. आमच्यात मोठ्या माणसांचे वाढदिवस कधी कुणी केले नाहीत. पण आईनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं. पाट मांडला, निरांजन लावलं आणि बालाजीला बसवलं. तो लाजत होता. पूजा मोबाईलवर फोटो काढत होती. आईनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग ताट हातात तसंच धरून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. किती तरी वेळ.

"काय गं आई?" बालाजीनं विचारलं.

"तुझ्या बापाला म्या एक्केचाळिसाच्या म्होरं बघितलंच न्हाय," आई म्हणाली. "आता तू म्हातारा हो. म्हंजी मला कळंल, ते कसे दिसले असते."